हिशेब कोणी ठेवायचा?



१९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक पटकाविले. सांगली जिल्ह्यातील हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला होता. त्यांना पद्मश्री मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले. २०२४ मध्ये पॅरिसला भारताने २९ पदके मिळविली, तेव्हा देशभर जयजयकार झाला. तो रास्तच होता. परंतु धारावीच्या गल्लीतील अथवा मराठवाड्यातील कोरडवाहू गावातील अपंग मुलीला मैदान मिळाले की नाही, याचा बोध पदकांच्या संख्येवरून होत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ६९ टक्के खेड्यांत राहत होत्या. २०१६ च्या कायद्याच्या ३० व्या कलमाने त्यांच्या क्रीडासहभागाची जबाबदारी शासनावर टाकली. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असा दंडक आहे. म्हणजे हा प्रश्न आता कोणाच्या दानतीचा राहिलेला नाही, तो हक्काचा झाला आहे. दानाचा हिशेब देणारा ठेवतो. हक्काचा हिशेब मात्र ज्याचा हक्क आहे, त्यानेच मागावयाचा असतो.

गरीब वस्त्यांतील क्रीडा उपक्रमांचे मूल्यमापन आज बहुधा पहिल्या पद्धतीने होते. किती मुले आली, किती साहित्य वाटले, पाहुणे कोण होते, एवढ्यावर अहवाल पुरा होतो. अखेरच्या दिवशी जी मुले हजर असतात, त्यांनाच समाधान विचारले जाते आणि सारे समाधानी असल्याचा निष्कर्ष निघतो. वास्तविक मधूनच जे गळाले, त्यांच्यापाशीच खरी माहिती असते. मुलाला मैदानावर पोहोचविण्यासाठी आईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत असेल, तर तो उपक्रम मोफत कसा? मैदानाशेजारी वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसेल आणि म्हणून मुली येत नसतील, तर दोष मुलींच्या उत्साहाचा कसा? ज्याचा अपंगपणा सौम्य, त्यालाच हाताशी धरून संख्या भरली जात असेल, तर जो अंथरुणाला खिळला आहे त्याची नोंद कोण घेणार?

'मुलांचा आत्मविश्वास वाढला' हे अशा अहवालांतील लाडके वाक्य. आत्मविश्वास मोलाचा खरा. पण शाळेच्या पायऱ्या, चढता न येणारी बस आणि नाकारलेला रोजगार यांना तो पर्याय होऊ शकत नाही. खेळाने माणूस घराबाहेर पडला आणि त्यानंतर रेशनच्या दुकानापर्यंत, ग्रामसभेपर्यंत जाऊ लागला, तर उपक्रम रुजला असे म्हणावे. निधी संपताच मैदान ओस पडले, तर तो केवळ समारंभ होता.

म्हणून परीक्षक बदलले पाहिजेत. प्रश्न कोणते विचारावयाचे, हे अपंग व त्यांचे पालक यांनी ठरवावे. कर्णबधिरांशी सांकेतिक भाषेत बोलावे, मतिमंद मुलांच्या बाबतीत चित्रांचा आणि प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार घ्यावा. प्रशिक्षकाच्या देखत कोणालाही मत विचारू नये. निष्कर्ष वस्तीतच वाचून दाखवावेत. अपयशाची नोंद लपवू नये, कारण पुढील वर्षाचे शहाणपण तीतच असते.

समाजवादी चळवळीने मैदानाला नेहमीच समतेची शाळा मानले. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर जातपात विसरून मुले एकत्र खेळली. त्या रिंगणात अपंग मूल किती वेळा दिसले, हा प्रश्न चळवळीनेही स्वतःला विचारावयास हवा. कार्यकर्त्यांनी आपापल्या मैदानाभोवतालची घरे फिरून न आलेल्यांची यादी करावी आणि ती हाती घेऊन ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला त्या ५ टक्क्यांचा जाब विचारावा. मूल्यमापनाची खरी सुरुवात त्या यादीपासून होते.