कळकाची ताणपरीक्षा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



‘वंश’ या संस्कृत शब्दाचे कूळ आणि कळक असे दोन्ही अर्थ होतात. तंजावरच्या भोसले राजवटीबरोबर कावेरीकाठी आलेल्या आपल्या कुळांना हा योगायोग मौजेचा वाटावा. आपल्या कळकाला शेजारी ‘मूंगिल’ म्हणतात. कुंभकोणम् येथील लग्नाचा मांडव असो की महामहमचा, त्याला कळक हवाच. तो किती ताण सोसतो, हे मात्र आपण मांडववाल्याच्या अनुभवावर सोपवतो. आज हाच प्रश्न आम्ही प्रयोगशाळेत नेऊ इच्छितो.

या परीक्षेसाठी अखंड कळक घेत नाहीत. त्याच्या भिंतीतून उभी पट्टी काढून मध्यभाग तासून अरुंद करतात आणि टोके रुंद ठेवतात. यंत्राच्या जबड्यांत टोके धरून पट्टी तुटेपर्यंत ओढतात. जबड्यात चिरडून तेथेच ती तुटली, तर परीक्षा बाद! समजा, १० मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड मध्यभाग ४,५०० न्यूटन बलाने तुटला. ३० ने भागता ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला १५० न्यूटन आली. जात, वय व ओलावा यांनुसार हा आकडा १०० पासून ३०० च्या वरही जातो. साधे पोलाद २५० च्या सुमारास कायमचे लांबू लागते; आणि कळकाचे वजन तर पोलादाच्या दशांशाहूनही कमी.

मग सळईऐवजी कळक का नको? असे प्रयोग १९१४ पासून झाले. परंतु ओल्या काँक्रीटमधील पाणी पिऊन कळक फुगतो, वाळल्यावर आकसतो व त्याची पकड सुटते. शिवाय तेवढ्याच ताणाला तो पोलादाच्या दसपट किंवा अधिक लांबतो. पेराच्या गाठीपाशी तंतू वळतात, म्हणून ओढीला तीच जागा सर्वांत दुबळी. यास्तव पट्टीच्या मध्यभागी एक गाठ मुद्दाम ठेवावी. गाठ टाळून मिळालेला मोठा आकडा ही आत्मवंचना होय. भारतीय मानक संस्थेने १९७३ साली गोल बांबूच्या चाचण्यांचे मानक काढले, ते अशा परीक्षांना शिस्त लावण्यासाठीच.

आता एक दुःखद आठवण. १६ जुलै २००४ रोजी याच गावात एका शाळेचे शाकारलेले छप्पर पेटले आणि ९४ मुले प्राणास मुकली. छप्पर किती भार सोसते, हा त्या दिवशीचा प्रश्नच नव्हता. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. आग कोठे लागेल, वाट कोठे अडेल, हे माणसानेच विचारावे लागते.

म्हणून आपल्या मांडवाबाबत आमची विनंती एवढीच : कळक पारखून घ्यावा, चूल छपरापासून दूर मांडावी आणि बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. पन्नास वर्षे जपलेल्या या वंशाची पुढची पेरे त्याच मांडवाखाली खेळणार आहेत.