पस्तीस दिवसांचे राष्ट्रपती



सेनगावहून रिसोडच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात मराठवाडा संपतो आणि वऱ्हाड लागतं. आज एसटीत बसलेल्या माणसाला ही सीमा जाणवतही नाही. १९४८ पर्यंत मात्र इकडे निजामाचं राज्य होतं आणि तिकडे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. सेनगावच्या शेतकऱ्याचा बांधाचा वाद वरपर्यंत गेलाच तर तो हैदराबादला जाई, आणि तिथल्या कोर्टांचा कारभार उर्दूत चाले. रिसोडच्या शेतकऱ्याचं अपील जाई नागपूरला. बोली सारखी, सोयरीक दोन्हीकडे, पण न्याय मागायचे दरवाजे वेगळे.

नागपूरच्या त्या दरवाजाआड एक माणूस घडत होता. पुढे तो देशाचा सरन्यायाधीश झाला, उपराष्ट्रपती झाला, आणि राष्ट्रपतिपदाचा कार्यभार त्याने एकदा नव्हे, दोनदा सांभाळला. ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे येण्याचा प्रसंग भारतात पुन्हा आलेला नाही. त्यांचं नाव मोहम्मद हिदायतुल्ला.

जन्म लखनौचा, १७ डिसेंबर १९०५ चा. वडील मध्य प्रांतात सरकारी अधिकारी आणि उर्दूतले कवी. मुलाची शाळा रायपूरला झाली आणि कॉलेज नागपूरचं, मॉरिस कॉलेज. तिथून केंब्रिज, लिंकन्स इनमधून बॅरिस्टरी, आणि १९३० मध्ये पुन्हा नागपूर. वकिली करता करता ते नागपूरच्या विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात शिकवतही. वयाच्या ३७ व्या वर्षी ते प्रांताचे महाधिवक्ता झाले आणि १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. इकडे रझाकारांच्या काळात मराठवाड्यातले निजामविरोधी कार्यकर्ते सीमा ओलांडून वऱ्हाडात, उमरखेडसारख्या ठिकाणी शिबिरं करून राहत होते. त्या मुलखाचं सर्वोच्च न्यायपीठ ज्या इमारतीत भरे, तिथे हिदायतुल्ला बसत होते.

३ डिसेंबर १९५४ रोजी ते नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती झाले. दोनच वर्षांत राज्यांची पुनर्रचना झाली. १ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले. सेनगाव आणि रिसोड पहिल्यांदा एका उच्च न्यायालयाखाली आले आणि नागपूरचं जुनं उच्च न्यायालय संपलं. आपण ज्याला मराठी मुलूख एकत्र येणं म्हणतो, त्याच दिवशी हिदायतुल्ला नागपूर सोडून जबलपूरला मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून गेले. १ डिसेंबर १९५८ पासून ते सर्वोच्च न्यायालयात होते.

तिथला त्यांचा एक निकाल मराठी वाचकाने मुद्दाम माहीत करून घ्यावा असा आहे. मुंबईत बदनामीचा एक गाजलेला दावा चालू होता. एका साक्षीदाराने तक्रार केली की आपली साक्ष वर्तमानपत्रांत छापून येते आणि धंद्याला फटका बसतो. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती साक्ष छापू नये असा तोंडी हुकूम दिला. नरेश मिरजकर आणि इतर पत्रकार या हुकमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १९६६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश होते आपले गजेंद्रगडकर. आठ जणांनी हुकूम वैध ठरवला आणि नववे हिदायतुल्ला एकटे विरोधात उभे राहिले. उघड्या न्यायालयात जे घडलं ते लोकांपर्यंत जाण्यापासून असं रोखता येणार नाही, आणि न्यायाधीशाच्या हुकमानेही नागरिकाच्या मूलभूत हक्काचा भंग होऊ शकतो, असं त्यांनी लिहिलं. आठ विद्वान सहकारी एका बाजूला असताना हे लिहायला मोठी हिंमत लागते. मला त्यांची सगळी पदं एकीकडे आणि हा निकाल एकीकडे ठेवावासा वाटतो.

त्याच्या आदल्या वर्षी, १९६५ मध्ये, राममनोहर लोहियांच्या खटल्यात त्यांनी तीन वर्तुळं कल्पिली. सर्वांत मोठं कायदा आणि सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि त्याच्याही आत राज्याच्या सुरक्षेचं. गावातली हाणामारी पहिल्या वर्तुळात येते, पण ती दुसऱ्यात येतेच असं नाही. म्हणून कोणत्याही भांडणावरून माणसाला स्थानबद्ध करता येत नाही. स्थानबद्धतेच्या खटल्यांत वकील आजही ही वर्तुळं न्यायाधीशांपुढे मांडतात.

आता १९६९ कडे येऊ. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं. घटनेच्या ६५ व्या कलमानुसार उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले. पण गिरींनाही काही झालं, किंवा त्यांनी राजीनामा दिला, तर? घटनेत त्याचं थेट उत्तर नव्हतं. ७० व्या कलमाने ते ठरवायचं काम संसदेवर सोडलं होतं, आणि एकोणीस वर्षं ते कुणी हाती घेतलं नव्हतं. संसदेने त्याच महिन्यात कायदा केला. राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपतीही नाही, तर सरन्यायाधीशाने कार्यभार सांभाळायचा, आणि तेही नसतील तर सर्वोच्च न्यायालयाच्या ज्येष्ठतम न्यायाधीशाने.

कायद्याची शाई वाळते न वाळते तोच तो लागू करावा लागला. गिरींना राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती. १९ जुलै रोजी त्यांनी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात गेले. ३१ जुलै रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन दिल्लीत उतरले, तेव्हा भारताच्या राष्ट्रपतींच्या जागी त्यांचे यजमान होते हे नागपूरचे जुने वकील. ९ ऑगस्ट रोजी बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला त्यांनी संमती दिली. त्या चौदा बँकांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. पुढे पीककर्जासाठी ज्या शाखांच्या पायऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी चढल्या, त्यांच्या इतिहासात ही सही आहे.

२४ ऑगस्टला गिरी राष्ट्रपती झाले आणि हिदायतुल्ला पस्तीस दिवसांनी पुन्हा न्यायालयात आले. तोवर मुंबईचे रुस्तम कूपर यांनी त्याच बँक कायद्याला आव्हान दिलं होतं. फेब्रुवारी १९७० मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने तो कायदा रद्द ठरवला. त्या पीठावर सरन्यायाधीश हिदायतुल्ला नव्हते. विधेयकाला ज्यांनी संमती दिली, त्यांनी त्याचाच न्याय करायला बसायचं नाही, हे योग्यच होतं. सरकारने मग नवा कायदा केला आणि बँका सरकारी राहिल्या. संस्थानिकांच्या तनख्यांच्या खटल्यात मात्र ते पीठाच्या अध्यक्षस्थानी होते. १५ डिसेंबर १९७० रोजी तो निकाल सरकारच्या विरोधात गेला आणि दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले.

एवढ्यावर बहुतेकांची कारकीर्द संपते. १९७९ मध्ये जनता पक्षाचं सरकार कोसळलेलं, पक्ष एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते. अशा काळात उपराष्ट्रपतिपदासाठी त्यांच्या नावाला विरोधी उमेदवारच उभा राहिला नाही. ३१ ऑगस्ट १९७९ पासून पाच वर्षं त्यांनी राज्यसभेचं अध्यक्षस्थान सांभाळलं, चरणसिंगांच्या काळातही आणि इंदिरा गांधींच्या काळातही. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी अमेरिकेला गेले, तेव्हा ६ ते ३१ तारखेपर्यंत राष्ट्रपतींचा कार्यभार पुन्हा त्यांच्याकडे आला. या वेळी सरन्यायाधीश म्हणून नव्हे, उपराष्ट्रपती म्हणून. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. रायपूरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने चालतं.

१९६९ चा तो कायदा आजही पुस्तकात आहे. त्याच्याखाली राष्ट्रपतींचं काम पाहणारे हिदायतुल्ला हे एकटेच सरन्यायाधीश. पण त्याची आठवण यावी असे दिवस आले आहेत. २७ जुलै २००२ रोजी उपराष्ट्रपती कृष्णकांत पदावर असतानाच वारले. २१ जुलै २०२५ रोजी जगदीप धनखड यांनी राजीनामा दिला, आणि १२ सप्टेंबरला महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन शपथ घेईपर्यंत देशाला उपराष्ट्रपती नव्हता. त्या साडेसात आठवड्यांत राष्ट्रपतींच्या पाठोपाठ कायद्याने ज्यांचा क्रम होता, ते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई वऱ्हाडातले, अमरावतीचे, आणि त्यांची वकिली मुख्यतः झाली होती मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे.