मुलाचा पहिला संग्रह



या व्यासपीठावरून यापूर्वी मी दोनदा बोललो आहे. एकदा माथाडी कायद्यावर आणि एकदा कापसाच्या भावावर. यंदा मी ‘मुलांचे कार्डे जमविणे’ हा विषय कळविला, तेव्हा चिटणिसांनी मला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत आणि हमालांत ज्याची तीस वर्षे गेली, आठवीपुढची शाळा ज्याने पाहिली नाही, त्याने असल्या पोरखेळावर का बोलावे? शेवटपर्यंत बसलात तर ते कळेल.

माझ्या लहानपणी, १९७८-७९ च्या सुमारास, खामगावात आम्ही पोरे काडीपेटीचे छाप जमवीत असू. पानठेल्यामागे टाकलेल्या रिकाम्या पेट्या वेचायच्या, पाण्यात भिजवून छाप अलगद सोडवायचा आणि वाळवून वहीत ठेवायचा. वाघ, जहाज, घोडा, कमळ! दुपारी रिंगणात छापांची थप्पी मांडून चपट्या दगडाने उडवायची. रिंगणाबाहेर पडेल तो आपला. त्या छापांवरच्या बारीक अक्षरांत ‘शिवकाशी’ हे गावाचे नाव मी पहिल्यांदा वाचले. नकाशात ते शोधायला मला दोन दिवस लागले.

पुढे कामगार चळवळीत आल्यावर त्या गावाची हकीकत वाचली. षण्मुग नाडार आणि अय्या नाडार हे दोघे तरुण १९२२ मध्ये कलकत्त्यास जाऊन काड्या करण्याचा धंदा शिकून आले आणि त्या कोरडवाहू मुलखात त्यांनी कारखाने उभे केले. पण याच धंद्यात हजारो लहान मुले राबली, हेही वाचले. मी जो छाप जपून ठेवीत होतो, ती पेटी कदाचित माझ्याच वयाच्या पोराने भरली असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही. १० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीच्या खटल्यात निकाल दिला, की कायदा मोडून कामाला लावलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने २०,००० रुपये कल्याण निधीत भरावेत. तो निकाल मी आमच्या सभेत वाचून दाखविला, तेव्हा घरच्या त्या वहीची आठवण झाली. वस्तू जमविणारा माणूस एक दिवस विचारतो, ही केली कोणी? तो प्रश्न ज्याला पडला, त्याचे शिक्षण सुरू झाले.

असे असूनही मी एक चूक केली, आणि ती सांगण्यासाठीच आज उभा आहे. २००२ साली माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्या वेळी पोरांत कुस्तीगिरांची ‘ट्रम्प कार्डे’ होती. छाती किती, दंड किती, लढती किती, असे आकडे लावून खेळायची. आमचा संप चालू होता, घरात डाळ उधारीची. मुलाने खाऊचे पैसे साठवून तो जोड आणला होता. मी म्हणालो, परदेशी पहिलवानांच्या चित्रांवर पैसे उधळतोस? आणि त्याच्यासमोर ती कार्डे फाडली. तो रडला नाही. पण त्यानंतर त्याने मला आपली कोणतीही वस्तू दाखविली नाही. निकालपत्रसुद्धा आईच्या हाती द्यायचा. तेवीस वर्षे ही गोष्ट माझ्या मनात आहे.

आता नातू सात वर्षांचा आहे. मागच्या वर्षी तो क्रिकेटपटूंचे एक कार्ड घेऊन आला. या वेळी मी नुसते विचारले, “हेच काहून आवडलं रे तुले?” त्यावर तो अर्धा तास बोलला. तेव्हा पहिला नियम हा: आधी ऐका. काय जमवायचे ते मुलाने ठरवावे. खेळाडू, आगगाड्या, पक्षी, काहीही. आपल्या आवडीचा संग्रह त्याच्या डब्यात भरू नये.

दुसरा नियम: आरंभ विकतच्या वस्तूने करू नये. जुना बिस्किटाचा डबा आणि एक वही पुरे. वहीत कार्ड कोठून आले, कोणी दिले, तारीख काय, हे मुलाने स्वतः लिहावे. खळ लावून चिकटवू नये, रबराने बांधू नये, कडा मोडतात. उन्हात ठेवू नये आणि पावसाळ्यात डबा उघडून कसर लागली नाही ना, ते पाहावे.

तिसरा नियम पैशाचा. बंद पाकिटात कोणते कार्ड निघेल ते कळत नाही, आणि धंद्याची सारी मख्खी तेथेच आहे. एका गणिताच्या मास्तरांनी मला हिशेब करून दाखविला. २० कार्डांचा संच, पाकिटात एकच कार्ड आणि सगळी सारख्याच संख्येने छापलेली असे धरले, तर संच पुरा व्हायला सरासरी ७२ पाकिटे लागतात. शेवटच्या एका कार्डासाठीच सरासरी २० पाकिटे! दहा रुपयांचे पाकीट म्हटले तर ७२० रुपये झाले. हा हिशेब मुलाबरोबर बसून करावा. महिन्याची रक्कम ठरवावी आणि बाकीचे अदलाबदलीवर सोडावे. एकाकडचे जादा ते दुसऱ्याकडचे कमी असते. पाच पोरे एकत्र आली की सर्वांचे संच लवकर भरतात. आम्ही याला संघटना म्हणतो.

मात्र अदलाबदलीला कायदा हवा. आमच्या गल्लीतल्या एका मोठ्या पोराने नातवाचे एक चांगले कार्ड तीन फाटक्यांवर नेले. मी मध्ये पडलो नाही. पोरांचीच सभा बसविली. त्यांनीच ठरविले, की सौदा दोन साक्षीदारांसमोर व्हावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मोडता यावा. कार्ड परत आले.

या कार्डांत कामगार चळवळीचा एक मोठा धडाही आहे. अमेरिकेत ‘टॉप्स’ ही कंपनी बेसबॉल खेळाडूंची चित्रे छापून विके, आणि खेळाडूला त्याच्या चेहऱ्याबद्दल वर्षाला १२५ डॉलर देई. १९६६ मध्ये पोलाद कामगारांच्या युनियनमधले मार्विन मिलर हे खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले. कंपनी ऐकेना, तेव्हा त्यांनी सांगितले, फोटो देऊ नका. खेळाडूंनी कॅमेऱ्यापुढे उभे राहणे सोडले. १९६८ च्या अखेरीस कंपनी वाकली. १२५ चे २५० डॉलर झाले आणि वर विक्रीवर आठ टक्क्यांपासून हिस्सा. संपाची एवढी सोपी गोष्ट मी दुसरी ऐकली नाही. नातवाला सांगितली तर तो म्हणाला, “आबा, मंग याच्या फोटोचे पैसे याले भेटतात का?” हाच तो शिवकाशीचा प्रश्न.

किमतीचे वेड मात्र मुलाला लावू नका. १९५२ च्या मालिकेतले मिकी मँटल यांचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लक्ष डॉलरला गेले हे खरे. पण त्याच मालिकेचा न खपलेला माल कंपनीच्या सी बर्गर यांनी समुद्रात टाकून दिला होता, असे त्यांनीच सांगितले आहे. किंमत ही नंतरची गोष्ट. मुलाला हवी असते ती दाखवायला एक जागा आणि पाहायला एक माणूस.

गेल्या दिवाळीत माझा मुलगा नातवाचा डबा पाहत बसला होता. तो हळूच म्हणाला, “माह्याजवळबी होते.” नातवाने विचारले, “मंग कुठं गेले?” मुलगा गप्प राहिला. तेव्हा मी नातवाला सांगितले, “ते म्या फाडले. चूक झाली माही.” मुलाने माझ्याकडे पाहिले आणि डबा माझ्यापुढे सरकविला.

आपल्या घरीही असा डबा असेल. आज गेल्यावर तो उघडायला सांगा.