मोरीचीं दुखणीं आणि त्यांचीं लक्षणें

नव्या घरांत बिऱ्हाड मांडणारा मनुष्य उजेड पाहतो, वारा पाहतो, स्वयंपाकघराची सोय पाहतो. परंतु मोरींतून गेलेलें पाणी पुढें कोणत्या वाटेनें जातें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. पाणी दृष्टीआड झालें कीं तें मनाआडहि होतें. ही उपेक्षा मैल्याचा नळ बरींच वर्षें निमूटपणें सोसतो. मग एके सकाळीं, तेंहि बहुधा घरांत पाहुणे असतांना, तो तुंबतो आणि साऱ्या घराची तारांबळ उडते. वस्तुतः हा नळ एका दिवसांत क्वचितच बिघडतो. त्याचीं लक्षणें पुष्कळदां कित्येक आठवडे आधीं दिसूं लागलेलीं असतात. तीं वेळीं ओळखलीं तर खर्च वांचतो, त्रास वांचतो. आणि या दोहोंहून मोलाची अशी एक गोष्टहि वांचते. तिचा विचार शेवटीं करूं.

लक्षणें समजण्यासाठीं या नळाची रचना थोडी ठाऊक असावी. प्रत्येक मोरीच्या, बेसिनच्या व संडासाच्या मार्गांत नळाला एक वांक दिलेला असतो. त्याला ट्रॅप म्हणतात. त्या वांकांत थोडें पाणी कायम सांचून राहतें आणि गटारांतील दूषित वायूची घरांत येण्याची वाट अडवतें. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनीं १७७५ सालीं अशा वांकाच्या शौचपात्राचें पेटंट घेतलें. तें तत्त्व आजहि घरोघर चालू आहे. ट्रॅपच्या पुढें हे नळ एकत्र येऊन आवारांतील चेंबरांत उतरतात व तेथून सार्वजनिक गटाराला किंवा सेप्टिक टँकला मिळतात. पाणी पुढें नेणारी शक्ति म्हणजे केवळ उतार. ४ इंची नळाला दर ४० फुटांत १ फूट आणि ६ इंची नळाला दर ६० फुटांत १ फूट उतार, हा या धंद्यांतील जुना हिशेब होय. शिवाय हवा खेळती राहावी म्हणून एक नळ गच्चीवर उघडा सोडलेला असतो. उतार, हवा आणि ट्रॅपमधील पाणी, या तिहींपैकीं एकाचा बिघाड झाला कीं दुखणें सुरू होतें.

लक्षण दिसतांच पहिला प्रश्न असा विचारावा कीं, अडथळा एका जागीं आहे कीं अनेक जागीं? केवळ स्वयंपाकघरांतील मोरीचें पाणी रेंगाळत असेल, तर दोष बहुधा तिच्याच ट्रॅपमध्यें असतो. भाताचीं शितें, चहाचा चोथा आणि थिजलेलें तूप काढलें कीं ती मोकळी होते. परंतु स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास या तिन्ही ठिकाणीं पाणी एकाच सुमारास मंदावलें, तर दोष पुढच्या मुख्य नळांत आहे असें समजावें. अशा वेळीं तुंबलेलें पाणी सर्वांत सखल तोंडानें वर येतें. म्हणून संडासांत पाणी सोडलें असतां न्हाणीच्या जाळींतून पाणी चढणें, किंवा कपडे धुण्याचें यंत्र रिकामें होतांना संडासांतील पाणी हेलकावणें, हीं मुख्य नळ तुंबल्याचीं जवळजवळ निश्चित लक्षणें होत. इमारतींत हा त्रास प्रथम तळमजल्यावरील बिऱ्हाडाला होतो, आणि तो होतो वरच्या मजल्यांवरून आलेल्या पाण्यानें. तेव्हां तळमजल्याची तक्रार ही साऱ्या इमारतीची तक्रार आहे. शेजाऱ्याचें नेहमींचें रडगाणें म्हणून वरच्यांनीं ती सोडून देऊं नये. पाणी केवळ मुसळधार पावसांतच उलटत असेल, तर बाहेरचें गटार भरलें असावें, अथवा गच्चीवरील पावसाचें पाणी चुकीनें मैल्याच्या नळांत सोडलेलें असावें.

दुसरें लक्षण आवाजाचें. पाणी ओसरतांना शेजारच्या मोरींतून गुडगुड असा आवाज येऊं लागला, कीं नळांत हवा नीट खेळत नाहीं असें ओळखावें. एक तर पुढें कोठें तरी मार्ग आवळला आहे, नाहीं तर गच्चीवरील नळाचें तोंड बुजलें आहे. अशा वेळीं हवा ट्रॅपमधून ओढली जाते आणि तेथील पाणीहि तिच्याबरोबर खेचलें जातें. मग दुर्गंधी हें तिसरें लक्षण आपोआप प्रकट होतें. मात्र दुर्गंधी आली म्हणून लगेच फरशी फोडण्याची घाई नको. सुटींत महिनाभर बंद राहिलेल्या घरांत ट्रॅपमधील पाणी आटून जातें. तेथें बादलीभर पाणी ओतावें; वास गेला तर दुखणें तेवढेंच होतें.

कांहीं लक्षणें घराबाहेर शोधावीं लागतात. जुन्या इमारतीच्या मागल्या भिंतीवर नळाच्या सांध्यापाशीं पिंपळाचें रोप उगवतें. तें नुसतें उपटून भागत नाहीं. सांधा पाझरतो आहे, असेंच बहुधा तें सांगत असतें. जमिनीखालीं चिनी मातीचे जुने नळ असतील, तर झाडांचीं मुळें त्यांच्या सांध्यांतून आंत शिरतात आणि वाहून आलेला कचरा अडवितात. भर उन्हाळ्यांत अंगणाचा एकच पट्टा हिरवागार राहणें, फरशी खचणें, घुशीनें चेंबरालगत माती उकरणें, हींहि त्याच जातीचीं लक्षणें.

अडथळा कोठें आहे हें ताडण्याची एक सोपी रीत आहे. आवारांतील चेंबरांचीं झांकणें प्लंबरकडून क्रमानें उघडवावींत. संडास तुंबलेला असून पहिलें चेंबर रिकामें असेल, तर अडथळा त्या दोहोंच्या मध्यें असतो. पहिलें भरलेलें व दुसरें रिकामें असेल, तर तो त्या दोन चेंबरांच्या मध्यें असतो. अगदीं शेवटचेंहि भरलेलें असेल, तर दोष आवाराबाहेर असण्याचा संभव अधिक, आणि तक्रार नगरपालिकेकडे गेली पाहिजे. एवढें समजलें तरी नको तेथें खोदाई करण्याचा खर्च टळतो.

सर्वांत गंभीर लक्षण मात्र पिण्याच्या पाण्यांत दिसतें. जेथें नळाला ठराविक वेळींच पाणी येतें, तेथें पाणी बंद होतांच नळांतील दाब नाहींसा होतो. जवळच मैल्याचा नळ गळत असला तर ती घाण पिण्याच्या नळाच्या फटींतून आंत शिरते. म्हणून सकाळीं प्रथम येणारें पाणी गढूळ अथवा वास मारणारें असेल, तर त्याच दिवशीं नगरपालिकेला कळवावें आणि तोंवर पाणी उकळूनच प्यावें. या मिसळीचा परिणाम किती भयंकर होतो, हें दिल्लीनें १९५५-५६ च्या हिवाळ्यांत अनुभवलें. यमुनेवरील पाणीपुरवठ्यांत शहराचें मैलापाणी मिसळलें आणि सुमारें २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या सांथीचे रक्तनमुने पुढें पुन्हां तपासण्यांत आले. त्या तपासणींत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांचा भाग होता. ही कावीळ तोंवर ठाऊक असलेल्या प्रकारांहून निराळी, हा निष्कर्ष १९८० सालीं प्रसिद्ध झाला. तिलाच आज हेपॅटायटिस ई म्हणतात, आणि गरोदर स्त्रियांना ती विशेष घातक ठरते.

उपायांविषयीं थोडेंच सांगणें पुरे. तेल-तूप मोरींत ओतूं नये. खरकटीं भांडीं पुसून मग धुवावींत. केस, चिंध्या आणि सॅनिटरी पॅड संडासांत टाकूं नयेत. तुंबलेल्या नळांत ॲसिडावर ब्लीचिंग पावडर टाकणें तर फारच धोक्याचें, कारण त्या मिश्रणांतून क्लोरिन हा विषारी वायु सुटतो.

आतां आरंभीं उल्लेखिलेली मोलाची गोष्ट. लक्षणांकडे दुर्लक्ष करून नळ पुरता तुंबूं दिला, म्हणजे घाईघाईनें एखाद्या गरीब माणसाला बोलावून चेंबरांत किंवा टाकींत उतरविण्यांत येतें. त्या टाकींत हायड्रोजन सल्फाइड हा वायु सांचलेला असूं शकतो. थोडा असतां त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. परंतु प्रमाण वाढलें कीं तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणून उतरणारा निःशंक होतो, आणि क्षणांत कोसळतो. त्याला वर काढण्यासाठीं उतरलेला सोबतीहि पुष्कळदां परत येत नाहीं. सुरक्षेच्या साधनांवांचून कोणालाहि असें उतरविण्यास २०१३ च्या कायद्यानें मनाई केली आहे. गटारांत मृत्यु पावलेल्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं दिला. पण गेलेला माणूस भरपाईनें परत येत नाहीं. टाकी उपसणें यंत्राच्या गाडीकडूनच करवून घ्यावें, मग त्यासाठीं दोन दिवस वाट पाहावी लागली तरी चालेल. आणि मोरी प्रथम गुडगुडली त्याच आठवड्यांत प्लंबरला बोलावलें, तर ही वेळ सहसा येतच नाहीं.