सागरतीराची निवड



सरोजिनी नगरातील बहुसंख्य कुटुंबे सरकारी नोकरीतील आहेत. रजा प्रवास सवलतीच्या नियमांनुसार भारतात कोठेही जाण्याची संधी सर्वसाधारणपणे चार वर्षांतून एकदाच लाभते. म्हणूनच 'गोवा की मालवण?' हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

गोव्याचा लौकिक जुना आहे. १९६१ साली पोर्तुगीज सत्ता संपली आणि पुढील दोन दशकांत कळंगुट व कोलवा या किनाऱ्यांची नावे देशोदेशी पोहोचली. उलट सिंधुदुर्ग जिल्हाच मुळी १९८१ साली अस्तित्वात आला. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा घोषित झाला आणि त्यानंतर तारकर्ली, देवबाग, भोगवे ही नावे दूरच्या प्रवाशांच्या कानी पडू लागली.

समुद्र दोहोंकडे एकच. फरक आहे तो किनाऱ्यावरील सोयींत. मडगावला दिल्लीहून थेट गाडी जाते, व तेथे प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे निवास मिळतो. मालवणसाठी कुडाळला उतरून सुमारे तीस किलोमीटर रस्त्याने जावे लागते. तेथे पुष्कळदा एखाद्या कुटुंबाच्याच घरी उतरावयाचे असते. ताटात त्यांच्या चुलीवरचे जेवण येते, पण रात्री वाहन मिळेलच अशी खात्री नसते.

ऋतूचाही विचार हवा. दिल्लीच्या शाळांची मोठी सुटी मे-जूनमध्ये येते. त्याच सुमारास समुद्र खवळू लागतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद होतात. मालवणात होडी थांबली की पाहण्याजोगे थोडेच उरते. गोव्यात जुन्या गोव्यातील चर्चवास्तू, मंगेशीचे देवालय, पणजीतील जुनी वस्ती पावसातही पाहता येते. तेव्हा जूनमध्ये, किंवा वृद्ध मातापित्यांसह निघणाऱ्यांनी गोव्याला जाणे श्रेयस्कर. दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्यांनी मात्र मालवणचा विचार अवश्य करावा.

परंतु नव्या स्थळी जाणाऱ्यावर एक जबाबदारी येते. देवबाग म्हणजे कर्ली नदी व समुद्र यांमधील वाळूची चिंचोळी पट्टी. अशा भूमीत गोडे पाणी वाळूच्या पातळ थरात साठते. उपसा वाढला की विहिरीत खारे पाणी शिरते. २०२२ साली सीमेलगत मोपा विमानतळ झाल्याने प्रवाशांचा ओघ आता जवळ आला आहे. आपण चार दिवसांत परततो. त्या विहिरीचे पाणी यजमानांना वर्षभर प्यावयाचे असते. तेथे उतरताना एवढे ध्यानी ठेवून पाणी जपून वापरावे.