उचलून नेलेलं मत

(विहाराच्या वर्धापनदिनी दिग्रस येथे केलेले भाषण)



आम्ही जिनिंगमधले कामगार. पाळी सुटल्यावर कंदिलाखाली जे वाचलं तेच आमचं शिक्षण. आज एका मताबद्दल बोलायचं आहे.

आमच्यासोबतचा एक गडी पायाने अधू. पुढे मशीनमध्ये त्याचा डावा हातही गेला. मागच्या एका निवडणुकीत केंद्राला सहा पायऱ्या होत्या. आम्ही चौघांनी त्याला खुर्चीसकट उचललं. आमच्यातला एक जण मदत म्हणून थेट मशीनजवळ उभा राहिला. बाहेर आल्यावर आम्ही छाती फुगवून उभे, अन् तो म्हणतो, "सरकीच्या पोत्यावानी नेलं तुमी मले. बटन कोनतं दाबलं तेबी पाह्यलं. पुढच्या टायमाले मी येत नाही."

खरं सांगतो, आम्हाला राग आला. केलेल्याची जाण नाही म्हटलं. चूक कोणाची होती हे नंतर कायदा वाचला तेव्हा उमजलं. त्याचा उजवा हात धड होता. बटण तो स्वतः दाबू शकत होता. ज्याला चिन्ह दिसत नाही किंवा बटण दाबता येत नाही, त्यालाच सोबती घेता येतो. सोबती १८ वर्षांचा पाहिजे, एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं, आणि मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं.

शाई कुठे लावावी, यावरही त्या दिवशी खोळंबा झाला. १९६१ च्या नियमांत तेही लिहिलेलं आहे. डाव्या हाताला बोटं नसतील तर उजव्या हाताच्या बोटाला, दोन्ही हातांना नसतील तर हाताचा जो भाग उरला असेल त्याला. म्हणजे नियम करणाऱ्यांना थोटा मतदार ठाऊक होता. विसरलो आपण.

बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. पुढे संविधानाच्या ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढाला मत मिळालं. पायऱ्या चढता आल्या पाहिजेत अशी अट त्यात कुठे आहे? २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्रावर उतार करायला सांगितलं. २०१६ च्या कायद्याचं ११ वं कलम तर राज्य निवडणूक आयोगालाही लागू आहे, म्हणजे नगरपरिषदेच्या मतदानालासुद्धा.

२०२४ च्या लोकसभेला ४० टक्के अपंगत्व असणाऱ्यांना आणि ८५ वर्षांवरील म्हाताऱ्यांना घरून मत देता आलं. त्यासाठी १२-ड चा अर्ज अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. आपल्या वस्तीत ही खबर किती घरांत पोचली, हे ज्याने त्याने आठवून पाहावं. आमचा गडी मात्र घरून द्यायला तयार नाही. रांगेतल्या लोकांत जाऊनच देईन म्हणतो.

यादीत अपंग म्हणून नोंद व्हावी यासाठी त्याचा ८ नंबरचा फॉर्म भरला आहे. सही त्याने स्वतः केली.

एक कडू बोलतो, राग मानू नका. आपल्या विहारालाही पाच पायऱ्या आहेत. तो आत्ता खाली मंडपाच्या कडेला बसून हे ऐकतो आहे. उताराचा खर्च समितीने आजच्याच सभेत मांडावा. आमची दोन दिवसांची मजुरी पहिली लिहून घ्या.

जयभीम.