नातवाचा खोकला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. अध्यक्षबाईंचा आग्रह पडला म्हणून घरात घडले तेच सांगते.

२०२४ च्या श्रावणात माझा चार वर्षांचा नातू महिनाभर खोकत होता. मी आपली अडुळसा, मध, छातीला तेल असे करीत राहिले. चड्डी कमरेवरून घसरू लागली तेव्हा त्याला सरकारी दवाखान्यात नेले. छातीचा फोटो काढला. हातावर सुई टोचली, तिसऱ्या दिवशी तिथे गाठ उठली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "क्षयाचा संशय आहे. बेडका तपासू."

आता एवढेसे पोर बेडका थुंकते कुठे? ते गिळून टाकते. रात्रभर गिळलेले पोटात साठते, ते पहाटे मूल हिंडूफिरू लागायच्या आत नाकातून बारीक नळी घालून ओढून घेतात. पोट अगदी रिकामे लागते. नर्सबाईंनी मला दोनदा बजावले होते. पण पहाटे चारला पोर भुकेने रडू लागले, लेकीचा डोळा लागला होता, आणि मी पेलाभर दूध पाजले. कोणाला बोलले नाही. नळीतून दूधच आले! दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी. त्याने माझ्याकडे कसे पाहिले ते अजून डोळ्यांपुढे आहे.

यंत्रावर निकाल दोन तासांत कळतो. जंतू वाढवून पाहायचे तर कित्येक आठवडे जातात. लहान मुलांत जंतू थोडे असतात, म्हणून ते दिसले नाहीत तरी रोग नाहीच असे डॉक्टर धरीत नाहीत. आमच्याकडे मात्र सापडले.

मग बाईंनी विचारले, "घरात मोठे कोण खोकते?"

मी गप्प. यजमानांचा खोकला विडीचा, असे आम्ही धरून चाललो होतो. त्यांचा बेडका तपासला, त्यातही तेच जंतू. नातू रोज त्यांच्याच कुशीत निजे. मुलांना हा रोग बहुधा घरच्या मोठ्या माणसाकडूनच लागतो म्हणे.

दोघांना सहा महिन्यांचे औषध सरकारातून फुकट मिळाले. शेजारी कळू नये म्हणून गोळ्या मी डाळीच्या डब्यात ठेवीत असे. आज तुम्हा सर्वांसमोर बोलते आहे. नातवाचे औषध पुरे झाले, वजनही भरले. यजमानांच्या चार दिवसांच्या गोळ्या राहिल्या आहेत. समोर उभे राहिल्याशिवाय ते घेत नाहीत, आणि वेळ झाली आहे, म्हणून आपली रजा घेते.